डेलबर्टचा एकांगी गोऱ्हा

एकाच डॉक्टरीणबाईंनी, एकाच सकाळी, एकाच खोलीत बसून नवऱ्याला बीफ बंद करायला सांगितलं आणि बायकोला बीफ खायला सांगितलं, तर त्या घराने काय करावं? हा प्रश्न मी आमच्या गावात पुष्कळांना विचारला. चूक तिथेच झाली. आमच्या गावात प्रश्न विचारला की उत्तर मिळतंच, पण उत्तर देणारा माणूस ते पाळलं जातंय की नाही हे बघायला पुढचे सहा आठवडे घरी येत राहतो.

गावाचं नाव कॉटनवुड बेंड. नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांमधलं गाव. इथे माणसांपेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा गुरांबद्दलची मतं जास्त. मी मिल्टन हाव्हलिक, विमा एजंट. गारपीट, वीज, हिमवादळ, देवाने काहीही धाडलं तरी त्याचा विमा माझ्याकडे मिळतो. माझं प्रत्येक गिऱ्हाईक गुरं पाळतं. तेव्हा बीफशी माझं नातं फक्त पोटाचं नाही, पोटापाण्याचंही आहे.

डॉक्टर ऑस्टरहोम वयाने आमच्या मुलीएवढ्या आहेत, पण बोलताना चष्म्याच्या वरून बघतात, त्यामुळे आम्ही त्यांना ‘मॅडम’ म्हणतो. त्यांनी आधी माझा कागद उचलला.

“मिल्टन, तुमचं कोलेस्टेरॉल भलतंच वाढलंय. तुमचे वडील कशाने गेले?”

“हृदयविकाराने.”

“कितव्या वर्षी?”

“अठ्ठावन्नाव्या.”

“आणि तुम्ही आता किती वर्षांचे?”

भिंतीवर आतड्यांचं एक रंगीत चित्र होतं. ते मी एकदम लक्षपूर्वक बघायला लागलो.

“सत्तावन्न,” अर्लीन म्हणाली. “ऑक्टोबरात अठ्ठावन्न होतील.”

अर्लीन म्हणजे माझी बायको. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ऑक्टोबरची वाट ती बऱ्याच दिवसांपासून बघत असावी, आणि आनंदाने नव्हे.

मग तिची पाळी आली. तिला आणलं होतं ते चर्चमध्ये भजन म्हणताना उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्याला ऑर्गन वाजवणाऱ्या बाईच्या मांडीवर जाऊन बसली म्हणून. चक्कर. रक्तातलं लोह तळाला गेलेलं. बाकी सगळ्या तपासण्या ठीक. लोहाच्या गोळ्या तिला सोसत नाहीत, पोट धरून बसते.

“तुम्ही बीफ खायचं,” मॅडम तिला म्हणाल्या. “त्यातलं लोह अंगाला चटकन लागतं. शिवाय प्रथिनं आहेत, बी-बारा आहे. बेताने, पण नेमाने खा. आणि मिल्टन, तुम्ही पुढची रक्ततपासणी होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्यातली चरबी तुम्हाला परवडणारी नाही. आणि खरं तर इतकं लाल मांस आतड्यांनाही बरं नाही.” त्यांनी त्या चित्राकडे बोट केलं. मघाशी ते मला उगीचच आवडलं होतं.

“पण मॅडम, जनावर तर एकच आहे. एकच जनावर हिला औषध आणि मला विष कसं?”

“जनावर एकच आहे, मिल्टन. पोटं दोन आहेत.”

मी दोघांचे कागद घडी करून खिशात घातले.

मी हार मानणारा नव्हे. लोहाचं सलाइन लावतात असं ऐकलं होतं. ते लावलं तर घरात बीफच नको, म्हणून मी आमच्या आरोग्य विम्याच्या कंपनीला फोन लावला. तिथे एक बाई म्हणते एक दाबा, मग दोन दाबा, मग बासरी वाजते. बासरी संपायच्या सुमारास माझे बीन्स करपले. शेवटी एक सभ्य मुलगा बोलला की सलाइनला मंजुरी हवी असेल तर आधी तीन महिने आहारातून उपचार करावा लागेल.

“म्हणजे बीफ हा उपचार झाला.”

“हो, सर.”

“मग बीफचा खर्च कंपनी देईल?”

थोडी बासरी वाजली. “सर, बीफ हे अन्न आहे.”

“आत्ता तुम्ही उपचार म्हणालात.”

“उपचार म्हणून घेतलेलं अन्न, सर. पण अन्नच.”

मी फोन ठेवला. राग आला नाही, लाज वाटली. मागच्या जूनमध्ये नुकसानभरपाई नाकारताना ‘गारा म्हणजे पाणीच, पण पूर नव्हे’ हे वाक्य मी स्वतः एका गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकलं होतं, आणि वर कॉफी मागितली होती.

ते गिऱ्हाईक म्हणजे डेलबर्ट शिमेक. त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्या गॅरेजमधल्या फ्रीझरात जो होता तो डेलबर्टचा गोऱ्हा. आमच्याकडे मांस दुकानातून आणणाऱ्याला लोक जरा हळहळून बघतात. रीत अशी की वसंतात कुणा ओळखीच्या माणसाच्या कळपातला एक गोऱ्हा सांगून ठेवायचा, शरदात तो कापून, कागदात बांधून, अर्धा आपल्या फ्रीझरात आणि अर्धा दुसऱ्या घरच्या. आम्ही वर्षानुवर्षं डेलबर्टचाच घेतो. आता राँच त्याचे मुलगे बघतात आणि तो गावात, आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो, पण प्रत्येक गोऱ्हा तो स्वतः निवडतो आणि स्वतःच्या नातवापेक्षा जास्त जपतो.

कुंपणावर रेलून त्याने माझी कहाणी ऐकली.

“बीफने काही होत नसतं, मिल्ट. बटाट्याने होतं. तुम्ही लोक बटाटे सोडत नाही आणि बीफला नावं ठेवता. माझ्याकडे बघ. दिवसातून दोनदा स्टेक.”

मी बघितलं. तो खरंच तुकतुकीत दिसत होता. पट्टाही आत घेतलेला. त्याच्या पायाशी त्याचा जज नावाचा म्हातारा शिकारी कुत्रा बसला होता, किंवा पसरला होता म्हणा. कुत्र्याचं पोट त्याच्या आधी बसायचं.

“हा फार सुटलाय,” मी म्हटलं.

“म्हातारपण,” डेलबर्ट म्हणाला आणि तडक घरात गेला.

बातमी अर्थातच गावभर झाली. आमच्या डाव्या हाताला मिसेस पोहल राहतात. शाळेच्या खानावळीत त्यांनी निम्म्या गावाला वाढवलंय, त्यामुळे निम्म्या गावाच्या पोटावर त्या अजून हक्क सांगतात. त्या मसुराचं सूप घेऊन आल्या, ते मी संपवेपर्यंत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मिल्टन, लहानपणीही तू वाटाणे टाकायचास. हे सगळं तिथूनच सुरू झालं.” न्हाव्याने सांगितलं की फक्त गवतावर वाढलेल्या गुराचं मांस खा, ते औषधच. पोस्टातल्या माणसाने सांगितलं की मक्यावर वाढलेलं खा, गवताने वात होतो. प्रत्येकाचा एक आजोबा बीफ खाऊन चौऱ्याण्णव वर्षं जगला होता आणि प्रत्येकाचा एक चुलतभाऊ रोज पळून, पाला खाऊन चाळिशीत आटोपला होता. सगळे मेलेले आजोबा एकत्र केले असते तर आमच्या गावाची लोकसंख्या जिल्ह्यात पहिली आली असती.

रविवारी तर पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं. “मोहाशी झुंजणारा आपला बंधू मिल्टन.” बायकांनी वळून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्याकडे लग्नाच्या दिवशीही कुणी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

तो विनय का नव्हता, ते आता सांगतो.

आमच्या भागात ग्रिल पुरुषाने लावायचं. बाहेर बर्फ असो, वारा असो, बाप्याने कानटोपी घालून अंगणात उभं राहायचं आणि बाईने खिडकीतून बघायचं. बाईने चिमट्याला हात लावला तर शेजारी विचारतात की नवरा बरा आहे ना. त्यामुळे ज्याला बीफ खायची बंदी, त्यानेच आठवड्यातून दोनदा बायकोसाठी टी-बोन भाजायचा, असा न्याय माझ्या वाट्याला आला.

टी-बोनच्या मधोमध हाड. हाडाच्या एका बाजूला मोठा तुकडा, दुसऱ्या बाजूला लहान. त्या लहान बाजूबद्दल मी फार बोलणार नाही, मला अजून त्रास होतो. सुरीची गरज नसते, एवढंच सांगतो.

पहिल्या दिवशी मी फक्त शिजलंय का बघायला एक कोपरा कापला. इथला कुठलाही पुरुष अंगठ्याने दाबून सांगतो शिजलंय की नाही, मीही मिसरूड फुटल्यापासून सांगतो. पण बायकोची तब्येत, अंगठ्यावर कसं विसंबायचं? दुसऱ्या खेपेला कोपरा थोडा मोठा झाला. तिसऱ्या खेपेला मी भानावर आलो तेव्हा हाडाची ती बाजू पार स्वच्छ झाली होती आणि माझ्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती.

ताटली घेऊन आत गेलो. अर्लीनने तिच्याकडे पाहिलं.

“दुसरी बाजू कुठाय?”

“नाहीये,” मी म्हटलं. आणि विमा एजंट असल्यामुळे पुढचं आपोआप आलं. “या वर्षीचा गोऱ्हा त्या अंगाला भरलाच नाही. होतं असं कधीकधी.”

“अरेरे,” ती म्हणाली. “बिचारा डेलबर्ट.”

मग ती चार घास खायची, माझ्या ताटातल्या बीन्सकडे एकदा बघायची आणि म्हणायची, “पोट भरलं रे. उरलेलं उद्याच्या डब्यात नेते.” मी म्हणायचो, “खा गं, तुला लोह हवंय.” असं आमचं दोघांचं फार प्रेमाचं चाललं होतं. पुढे त्या गोऱ्ह्याचे जेवढे टी-बोन भाजले गेले, ते सगळे एकाच बाजूचे निघाले. मला अपराधी वाटायचं, रोज वाटायचं. पण भाजताना नाही, भाजून झाल्यावर.

एवढं होऊनही अर्लीनचा चेहरा पांढराच. एकदा तर जिन्यात मध्येच बसलेली दिसली, कठड्याला धरून, जणू काही विसरलंय ते आठवतेय. “काही नाही, दम खातेय,” म्हणाली. त्या वेळी मला खरी भीती वाटली. इतकं बीफ खाऊन ही सुधारत का नाही? मी ठरवलं, पुढच्या खेपेपासून एक तुकडाही घ्यायचा नाही. पुढची खेप आली तेव्हा वारा नेमका धूर माझ्याकडे आणत होता.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये स्टेकचं जेवण होतं. तिथली पद्धत म्हणजे दारात कच्चा स्टेक उचलायचा, मोठ्या सामाईक ग्रिलवर ज्याने त्याने आपला भाजायचा, मग लांब टेबलांवर सगळ्या गावाने एकत्र बसायचं. मी अर्लीनसाठी एक भाजला. मधे इतके लोक उभे होते की कोपरा कापायची सोयच नव्हती, त्यामुळे त्या संध्याकाळी तिच्या ताटात दोन्ही बाजू शाबूत पोचल्या. माझ्या ताटात भाजलेला बटाटा आणि गावाची सहानुभूती.

समोर डेलबर्ट आणि त्याची बायको वोंडा. डेलबर्टच्या ताटात हा एवढा स्टेक. तो नेहमीप्रमाणे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा जेवत होता. जज टेबलाखाली होता. हॉलमध्ये कुत्रे आणायचे नाहीत असा नियम आहे, पण तो डेलबर्टच्या कुत्र्याला कुणी सांगितलेला नाही.

अर्लीनने आपल्या ताटाकडे बघून सुस्कारा टाकला.

“वोंडा, वाईट वाटून घेऊ नकोस हं,” ती म्हणाली. “पण किती दिवसांनी दोन बाजूंचा टी-बोन बघितला. तुमचा या वर्षीचा गोऱ्हा एकांगी निघाला ना, म्हणून.”

हॉलचं छत पत्र्याचं आहे. त्याखाली कुजबुजलेलंही शेवटच्या टेबलापर्यंत जातं, आणि अर्लीन कुजबुजली नव्हती.

“काय निघाला?” डेलबर्टने काटा खाली ठेवला.

“एकांगी. एका बाजूला मांसच नाही. मिल्ट म्हणाला, होतं असं कधीकधी.”

आमच्याकडे माणसाला गाढव म्हटलं तर तो हसतो आणि तुम्हाला बिअर पाजतो. त्याच्या गोऱ्ह्याला कमी म्हटलं तर तो टोपी घालून उभा राहतो. डेलबर्ट टोपी घालून उभा राहिला.

“मिल्ट. माझ्या गोऱ्ह्याला एकच बाजू होती?”

“म्हणजे तसं नव्हे, डेलबर्ट...”

“तो गोऱ्हा मी हाताने निवडला. त्याची पाठ एवढी रुंद होती की तिच्यावर चार माणसं पत्ते खेळली असती. दुसरा अर्धा पोहलबाईंकडे गेलाय. पोहलबाई, तुमच्याकडे कमी आलंय काही?”

“माझे दोन्ही बाजूंनी भरलेले आहेत,” मिसेस पोहल म्हणाल्या. त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि ते वाटाणे टाकणाऱ्या पोराकडे बघणारे डोळे होते.

“मग फ्रीझर बघूया,” डेलबर्ट म्हणाला. “आत्ता.”

मी म्हटलं, जेवण गार होईल. मी म्हटलं, फ्रीझरचं झाकण अडकतं. मी असंही म्हटलं की खाजगी मालमत्तेची पाहणी करायची तर आधी कळवावं लागतं. कुणीही ऐकलं नाही. पाच मिनिटांत आमच्या गल्लीत गाड्यांची रांग लागली. सूर्य मावळायचा होता, त्यामुळे कुणाचा चेहरा झाकायलाही अंधार नव्हता. पाद्रीसाहेब येताना आपली ताटली घेऊन आले होते.

गॅरेज उघडलं. डेलबर्टने फ्रीझरातून कागदाची पुडी काढली, कामाच्या बाकावर ठेवली आणि उलगडली. टी-बोन. दोन बाजू. दुसरी पुडी. दोन बाजू, आणि लहान बाजू जरा जास्तच देखणी. तिसऱ्या पुडीला पाद्रीसाहेब “अहाहा” म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाले.

“फ्रीझरात शिरताना गोऱ्हा दोन बाजूंचा आहे,” डेलबर्ट म्हणाला. “ताटात पोचताना एका बाजूचा. मधे फक्त तू आहेस, मिल्ट.”

मी माझ्या आयुष्यात हजार दावे तपासले आहेत, पण इतका स्वच्छ निकाल पाहिला नाही. मी तोंड उघडलं आणि त्यातून ‘चव बघायला’ एवढंच बाहेर आलं. मोहाशी झुंजणारा बंधू मिल्टन स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या गिऱ्हाइकांसमोर, कोळशासारखा काळा पडून उभा होता.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” अर्लीन शांतपणे म्हणाली. “मी राँचवर वाढले, मिल्ट. दात आले तेव्हापासून टी-बोन बघतेय. एकांगी गोऱ्हा म्हणे! घरी बोलले असते तर तू आणखी काहीतरी रचलं असतंस. म्हटलं, डेलबर्टच विचारेल.”

बायकांमध्ये कौतुकाची एक लहर गेली. अर्लीनने हनुवटी जरा वर केली. तिचा तो क्षण होता आणि मीही तो तिला मनापासून दिला असता, पण तेवढ्यात गॅरेजच्या मागून माती उकरल्याचा आवाज आला.

जज लायलॅकच्या झुडपाखाली पुढच्या दोन्ही पायांनी खणत होता. मागचं वजन त्याला उचलवत नव्हतं, म्हणून तो बसूनच खणत होता. त्याने एक हाड काढलं आणि सवयीने आणून अर्लीनच्या पायाशी ठेवलं. मग दुसरं. दोन्ही टी-बोनची. मग तो तिच्यासमोर बसला, तोंड उघडलं आणि वाट बघायला लागला.

अर्लीनची हनुवटी खाली आली.

“डब्यात नेते म्हणायचीस,” मी म्हटलं.

ती एकदम बोलली, आणि गाव ऐकतंय याची तिने पर्वा केली नाही. “मला नाही खाववत, मिल्ट! तू समोर बीन्स घेऊन बसतोस, बघून न बघितल्यासारखं करतोस. तुझ्या वडिलांना मी त्यांच्या खुर्चीत गेलेलं बघितलंय. ऑक्टोबर आठवला की मला झोप येत नाही. तू चोरून खातोयस हे कळलं तेव्हा तर घासच उतरेना. तू जाणार असशील तर मी रक्त वाढवून कुणासाठी बसू?”

मला वाटत होतं मी तिच्या ताटातली एक बाजू चोरतोय. मी तिची सगळी भूक चोरली होती. तिचे हात हातात घेतले तर ते बर्फासारखे गार. जिन्यातली अर्लीन मला आठवली. “अर्लीन, मी गाढव आहे,” मी म्हटलं. यावर कुणीही हसलं नाही, बिअरही कुणी पाजली नाही.

डेलबर्ट जजच्या पोटाकडे बघत होता आणि मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता.

“म्हणून हा एवढा सुटला,” तो म्हणाला. “तरी म्हटलं, एवढं तर मी पण देत नव्हतो त्याला.”

वोंडाने हळूच मान वळवली. “एवढं म्हणजे केवढं, डेलबर्ट?”

डेलबर्ट शिमेक हा चार हजार गुरांचा मालक, तीन हिमवादळांतून कळप सुखरूप बाहेर काढलेला माणूस. मी त्याला घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

“त्या ऑस्टरहोमबाईंनी मलाही सांगितलंय,” तो टोपीकडे बघत पुटपुटला. “नाताळापासून बंद. आता मी जर बीफ खात नाही, तर माझं बीफ कोण घेणार? म्हणून ताटात घ्यायचो आणि... खाली द्यायचो.”

म्हणजे ज्याने बीफ सोडलं म्हणून चर्चमध्ये प्रार्थना झाली तो चोरून खात होता, आणि ज्याने दिवसातून दोनदा खातो म्हणून गाव डोक्यावर घेतलं होतं त्याने महिनोन्‌महिने शिवलं नव्हतं. आणि जिला लोह लागतं तिचं आणि डेलबर्टचं, असं दोघांच्या वाट्याचं बीफ एकटा जज खात होता. मिसेस पोहल म्हणाल्या, “लाज वाटली पाहिजे सगळ्यांना,” आणि पाद्रीसाहेबांच्या ताटलीतला उरलेला स्टेक काढून अर्लीनच्या हातात दिला. पाद्रीसाहेबांनी विरोध केला नाही, पण त्यांची नजर तो स्टेक दिसेनासा होईपर्यंत त्याच्यावर होती.

पुढच्या शनिवारी मी अंगणात ग्रिल पेटवलं, चिमटा उचलला आणि अर्लीन बाहेर आली. कानटोपी घालून. तिने हात पुढे केला. मी चिमटा दिला. मिसेस पोहलांच्या खिडकीचा पडदा हलला. कुंपणापलीकडून डेलबर्टने विचारलं, “मिल्ट बरा आहे ना?”

“बरा राहणार आहे,” अर्लीन म्हणाली.

तेव्हापासून चिमटा तिच्याकडे. माझं काम फक्त लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला बसायचं. माझ्या शेजारी जज असतो. गुरांच्या डॉक्टरने त्याला हिरव्या शेंगांवर ठेवलंय, आणि ऑस्टरहोमबाईंनी मलाही जवळजवळ तेच सांगितलंय, त्यामुळे आम्ही एकाच डब्यातल्या शेंगा दोन ताटल्यांत घेऊन बसतो. तो आपल्या ताटलीकडे बघतो, मग माझ्या ताटलीकडे बघतो. माझ्यात काही वेगळं नाही हे बघून त्याला जरा बरं वाटतं.

रक्ताच्या तपासणीत माझा आकडा थोडा उतरला. मॅडम म्हणाल्या, सुरुवात म्हणून ठीक आहे. अर्लीनचा चढला, आणि मे महिन्यात तिने पूर्ण भजन उभं राहून म्हटलं. ऑर्गनवाल्या बाई मात्र अजून जरा सरकूनच बसतात.

परवा तिने टी-बोन काढला, माझ्यासमोर बसली आणि माझ्या डोळ्यांत बघत खायला लागली. आधी मोठी बाजू. मग हाडाची लहान बाजू, एक एक घास. पूर्वी ती मान खाली घालून खायची, तशी नाही. तिच्या गालावर रंग होता. शेवटी तिने हाड दोन बोटांत धरून चोखलं, आमच्या ओळखीच्या कुठल्याही सभ्य बाईने चारचौघांत चोखलं नसतं तसं, आणि ताटली माझ्याकडे कलती करून दाखवली. काही उरलं नव्हतं.

शपथेवर सांगतो, त्या लहान बाजूचा स्वाद मला आयुष्यात इतका कधी आला नव्हता. जजने मात्र मोठा सुस्कारा टाकला आणि माझ्या ताटलीतली एक शेंग उचलली.